मरणानंतरचा एक लाख, मरणाआधीचे तीन रुपये

विभागीय आयुक्तालयाच्या तक्त्यात शेतकरी आत्महत्यांचे रकाने ठरलेले असतात. जिल्हा, एकूण प्रकरणं, पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित, मदत दिलेली प्रकरणं. अमरावती विभागात हा हिशेब २००१ पासून ठेवला जातो आहे. पात्र ठरायचं तर गेलेल्या माणसाच्या किंवा घरच्यांच्या नावावर सातबारा हवा. बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलेलं हवं, नापिकी दाखवता यायला हवी, वसुलीचा तगादा कागदावर यायला हवा. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत अहवाल फिरतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती निकाल देते. पात्र ठरलं की वारसांना एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत.

लाखाने काय होतं, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. ज्या घरात तेराव्याचा खर्च, पुढच्या हंगामाचं बियाणं आणि पोरीची फी एकाच महिन्यात दारात उभी राहते, त्या घरात तीस हजारांचाही टेका असतो. माझी तक्रार रकमेबद्दल नाही, वही कधी उघडते याबद्दल आहे. सरकारी वही माणूस गेल्यावर उघडते. त्याआधी हाच माणूस कितीदा तरी सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून गेलेला असतो. कधी पोट दुखतं म्हणून, कधी झोप येत नाही म्हणून, आणि कधी आधीच्या प्रयत्नातून वाचून स्ट्रेचरवरून. त्या भेटींवर सरकार किती खर्च करतं?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी केंद्राने ठरवलेली मर्यादा जिल्ह्यामागे वर्षाला ८३ लाख २० हजार रुपयांची आहे. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार होती. भागाकार केला की माणशी तीन रुपये येतात. वर्षाचे. आणि ही कमाल मर्यादा झाली. एवढ्यात मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, समाजसेवक, परिचारिका, औषधं, प्रशिक्षण, गाडीचं डिझेल आणि भिंतीवरची पत्रकं सगळं बसवायचं. आत्महत्या प्रतिबंध ही त्या कार्यक्रमातली एक ओळ. तिच्याच शेजारी शाळा-महाविद्यालयांतलं जीवनकौशल्य शिक्षण आणि कामाच्या ठिकाणचा ताण याही ओळी. तीन रुपयांतले किती पैसे तिच्या वाट्याला येत असतील, ते ज्याचं त्याने ठरवावं.

एक लाख आणि तीन रुपये यांची तुलना हिशेबनीसाला पटणार नाही. एक रक्कम घरामागे, दुसरी माणशी. एक महसूल खात्याची, दुसरी आरोग्याची. कबूल. पण खाती वेगळी आहेत हेच तर दुखणं आहे. मरण महसूलकडे जातं, प्रयत्न गृहखात्याकडे, उपचार आरोग्याकडे, कीटकनाशक कृषीकडे. चारही टेबलांवर एकच माणूस फिरत असतो आणि चारही ठिकाणी त्याचा केसपेपर नवा निघतो.

आकडे एकदा नीट पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पुढच्या वर्षी देशाचा आकडा १,७१,४१८ झाला आणि महाराष्ट्राचा २२,६८७. पहिला नंबर कायम. रोजची बासष्ट माणसं. २०२२ च्या राज्याच्या आकड्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ होते. हा आकडाही देशात सर्वांत मोठा, आणि त्याची लाज वाटायलाच हवी. तरीही वजाबाकी करून पाहा. महाराष्ट्रात आत्महत्येने गेलेल्या दर पाच माणसांतली चार शेतीतली नव्हती. देशभरात त्या वर्षी २५,३०९ गृहिणी गेल्या, १३,०४४ विद्यार्थी गेले, आणि एकूण मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक रोजंदारीवर जगणारे होते. या कुणासाठी पात्र-अपात्रचा तक्ता नाही, समिती नाही, अधिवेशनात सभात्याग नाही. शेतकऱ्यासाठी जे थोडंफार उभं राहिलं ते टिकलंच पाहिजे. पण गवंड्याच्या बायकोसाठी आणि बारावीच्या पोरासाठी सरकारचं एकच दार उघडं असतं, ते दवाखान्याचं.

त्या दाराशी काय होतं, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

प्रयत्न करून बसलेल्या माणसाला घेऊन घरचे आधी पीएचसीत धावतात. तिथे प्राथमिक उपचार होतात, मग १०८ ला फोन, मग ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून बहुतेकदा ‘सिव्हिलला न्या’. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचा शिक्का पडतो, पोलीस चौकीला कळवलं जातं. पुढे कधीतरी हवालदार जबाब घ्यायला वॉर्डात येतो. पेशंटला नीट शुद्ध येण्याआधीच काय सांगायचं ते नातेवाइकांचं ठरलेलं असतं. फवारताना पोटात गेलं. अंधारात बाटली बदलली. पाय घसरला. धाकटीचं लग्न व्हायचं असतं, सुनेच्या माहेरची माणसं व्हरांड्यात उभी असतात, गावात नाव जाणार असतं. मग केसपेपरवर ‘अपघाताने’ असं लिहिलं जातं आणि पुढचा मार्ग तिथेच बंद होतो. अपघात झालेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे कोण पाठवणार?

जीव वाचवण्याचं काम मात्र आपली सरकारी रुग्णालयं नेटाने करतात. मेडिसिनच्या वॉर्डातले निवासी डॉक्टर आणि सिस्टर दोन-दोन रात्री एका पेशंटपाशी झुंजतात. कधी व्हेंटिलेटर रिकामा नसतो, कधी औषध बाहेरून आणायला चिठ्ठी द्यावी लागते, तरीही माणसं वाचतात. यावर खर्च होणारा पैसा थोडाथोडका नाही. अतिदक्षता विभागातला एकेक दिवस महागडा असतो आणि तो सरकार करतं. मग पाच-सात दिवसांनी डिस्चार्ज कार्ड मिळतं. त्यावर गोळ्या लिहिलेल्या असतात, खाली ‘सात दिवसांनी ओपीडीत दाखवणे’. मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्यायचं राहून गेलेलं असतं. साहेब तालुक्याच्या शिबिराला गेलेले असतात, किंवा पदच रिकामं असतं. माणूस एसटीत बसतो आणि परत त्याच घरात जातो, त्याच देण्याकडे, त्याच नवऱ्याकडे, त्याच निकालपत्रिकेकडे.

वैद्यकशास्त्राला जे थोडं पक्कं ठाऊक आहे त्यात हे येतं: ज्याने एकदा प्रयत्न केला त्याला पुन्हा धोका सर्वांत जास्त, आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे-महिने सर्वांत नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दर मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न असतात. म्हणजे धोक्यातला माणूस कोण, हे शोधायला गावोगाव फिरण्याआधी वॉर्डातच बघावं. तो तिथे पडलेला आहे, त्याचं नाव-गाव-मोबाइल नंबर केसपेपरवर आहे. सरकारी निधीची पहिली थैली इथे रिकामी व्हायला हवी. इथेच ती पोचत नाही.

हे कुणाच्या दयेवर सोडलेलं नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, अंमलात आला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम ११५ मधला पहिला भाग सगळ्यांना ठाऊक आहे: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग कुणी वाचत नाही. अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणं, जेणेकरून तो पुन्हा तिकडे वळण्याचा धोका कमी होईल, हे सरकारचं कर्तव्य आहे असं त्यात स्वच्छ म्हटलंय. कलम २९ आणखी पुढे जातं आणि आत्महत्या व तिचे प्रयत्न कमी करण्यासाठी सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रम आखून राबवण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुनं ३०९ कलम गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं कलम २२६ तेवढं उरलं. शिक्षा गेली, पण एमएलसीची रीत आणि तिची धास्ती गेली नाही. कर्तव्य आलं, त्याचा निधी काही त्याच्या मागोमाग आला नाही.

आता उपायाकडे. तो इतका साधा आहे की मंत्रालयात त्याचं सादरीकरण करायला कुणाला उत्साह वाटू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या रुग्णालयांत एक प्रयोग केला. ब्राझीलचं कांपिनास, श्रीलंकेतलं कोलंबो, इराणमधलं कराज, चीनमधलं युनचेंग आणि आपलं चेन्नई. चेन्नईतलं काम डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या पुढाकाराने झालं. ‘स्नेहा’ ही तिथली आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणारी संस्था त्यांनीच उभी केलेली. प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय दोन गोष्टी: घरी जाण्याआधी तासभर समोरासमोर बसून बोलणं, आणि मग अठरा महिन्यांत नऊ वेळा चौकशी, फोनवर किंवा घरी जाऊन. पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. कशी आहे तब्येत, झोप लागते का, काही मदत हवी का, इतकंच. अठरा महिन्यांनी पाहिलं तेव्हा नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. २००८ साली हे निष्कर्ष छापून आले. नंतरच्या अभ्यासांत सगळीकडे इतका ठळक फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. पण यापेक्षा स्वस्त आणि निर्धोक गोष्ट आपल्या आरोग्यव्यवस्थेसमोर दुसरी कुणी ठेवलेली नाही.

खर्चाचा अंदाज मीच मांडतो. समजा एका सिव्हिलमध्ये वर्षाला असे सहाशे लोक येतात. प्रत्येकाशी तासभर बोलायचे सहाशे तास. नऊ वेळा चौकशीचे ५,४०० फोन. दिवसाला वीस केले तर २७० कामाचे दिवस. सुट्ट्या, न लागणारे फोन, घरी जाऊन भेटण्याची वेळ हे धरूनही दोन माणसांचं काम. दोन प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवक, एक मोबाइल, एक रजिस्टर, आणि सिस्टरच्या टेबलामागे दार लावता येईल अशी एक खोली. खोली मिळणं सर्वांत अवघड जाईल, हे सरकारी रुग्णालयात वावरलेला कुणीही सांगेल.

मग पैसे जातात कुठे?

केंद्राच्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याच्या नावावर जे दिसतं त्याचा मोठा हिस्सा एका संस्थेचा आहे. २०२४-२५ मध्ये बंगळुरूच्या निमहान्सला ८५० कोटी रुपये होते. आदल्या वर्षी ७२१ कोटी. निमहान्स देशाचा अभिमान आहे, तिथून शिकून आलेली माणसं राज्याराज्यांत काम करताहेत, तिचा पैसा कापा असं मी म्हणणार नाही. पण घाटंजीच्या किंवा गेवराईच्या पेशंटला बंगळुरूच्या खाटेचा काय उपयोग? दुसरी ठळक ओळ टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनची. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती जाहीर केली, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत १८ लाखांहून अधिक फोन तिथे घेतले गेले. मागणी आहे हे सिद्ध झालं. तरतूद मात्र २०२३-२४ च्या १३४ कोटींवरून पुढच्या वर्षी ९० कोटींवर आली. शिवाय हेल्पलाइनला मर्यादा आहे: फोन पेशंटने करायचा असतो. वर सांगितलेल्या प्रयोगात फोन दवाखान्याकडून जात होता. ज्याच्या अंगात उठून पाणी प्यायचं बळ नाही, त्याने चार-पाच आकडे दाबून परक्या माणसाशी बोलावं अशी अपेक्षा ठेवणं आणि आपण होऊन त्याला फोन करणं, यांत फरक आहे.

तिसरी वाट राष्ट्रीय आरोग्य अभियानातून जिल्ह्यांत येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली अवघ्या चार जिल्ह्यांत सुरू झाला. आज कागदावर तो ७६७ जिल्ह्यांना मंजूर आहे. याचा पैसा असंसर्गजन्य आजारांच्या सामाईक पेटीत असतो, केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के. सामाईक पेटीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कर्करोग आहे. त्या आजारांची मोजणी होते, उद्दिष्टं असतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात त्यांचे तक्ते पडद्यावर येतात. रक्तदाबाच्या किती लोकांच्या गोळ्या चालू आहेत, हे पीएचसीच्या डॉक्टरला विचारलं जातं. प्रयत्नातून वाचलेल्या किती जणांना महिन्याभरात पुन्हा फोन केला, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारलं जात नाही त्यावर खर्च होत नाही; हा सरकारी कामकाजाचा अलिखित नियम आहे.

२१ नोव्हेंबर २०२२ ला केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं, देशातलं पहिलंच. २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचे. तीन वर्षांत नोंदीची व्यवस्था उभी करायची, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात आत्महत्या प्रतिबंधाची सेवा देणारी मानसोपचार ओपीडी, आठ वर्षांत शिक्षणसंस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम. कागद चांगला आहे, मेहनतीने केलेला आहे. त्याच्यासोबत स्वतंत्र लेखाशीर्ष मात्र आलं नाही. पहिली मुदत २०२५ च्या नोव्हेंबरची होती, ओपीडीची मुदत २०२७ च्या नोव्हेंबरची आहे. देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ असताना ही ओपीडी कोण चालवणार, याचं उत्तर पदनिर्मितीत आणि पगारपत्रकात असतं, धोरणात नाही.

महाराष्ट्राने या धोरणाची वाट पाहिली नव्हती, हेही नोंदवलं पाहिजे. २०१५ साली राज्य सरकारने मराठवाड्यातल्या आठ आणि विदर्भातल्या सहा अशा चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. पूर्ण नाव शेतकरी समुपदेशन आरोग्य सेवा कार्यक्रम. शेतकऱ्याच्या मरणाकडे महसूलऐवजी आरोग्य खात्याने बघावं, ही त्यामागची कल्पना तेव्हाच्या मानाने धाडसी होती. आशाताईंनी घरोघरी जाऊन ठरलेली प्रश्नावली भरून घ्यायची, नैराश्याची लक्षणं दिसतील त्याला पीएचसीत आणि तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, १०४ क्रमांकावर समुपदेशन द्यायचं.

कल्पना बरोबर, पण सगळा भार कुणाच्या खांद्यावर गेला ते पाहा. आशाताईला पगार नसतो, मोबदला असतो. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, आयुष्मान कार्ड, आणि त्यात हा आणखी एक फॉर्म. २०२३-२४ च्या हिवाळ्यात याच बायका आझाद मैदानावर बसल्या होत्या, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये पाच हजारांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ हा प्रश्न आपल्याच गावातल्या, आपल्याच भावकीतल्या पुरुषाला त्याच्या बायको-पोरांसमोर विचारायचा असतो. उत्तर ‘नाही’ असंच येणार. आणि चुकून ‘हो’ आलं तर? पीएचसीत त्याच्याशी बोलायला वेळ असलेलं माणूस हवं. ते नसेल तर पुढच्या वेळी ताई प्रश्न विचारणं सोडून देते आणि रकाना घरी बसून भरते. मी तिला दोष देणार नाही.

ते माणूस असलं की काय होतं, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. राहुल शिधये यांच्यासारखे संशोधक त्यामागे होते. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांच्या वर समुपदेशक, त्यांच्या वर मानसोपचारतज्ज्ञ. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात मनात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त हे छापून आलं.

गोव्यातला अनुभव याहून जुना आणि मला तर जास्त बोलका वाटतो. पटेल यांच्याच ‘संगत’ या संस्थेने तिथे चोवीस दवाखान्यांत पदवीधर पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना बसवलं. बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खाजगी डॉक्टर. सरकारी केंद्रांत आलेल्या पेशंटांत वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न किंवा बेत ३६ टक्क्यांनी कमी आढळले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही; तिथे डॉक्टर स्वतःच पेशंटला वेळ देत होता. सरकारी केंद्रातल्या रांगेत डॉक्टरला दोन मिनिटं असतात, म्हणून शेजारी बसलेल्या समुपदेशकाची किंमत तिथेच कळली. सरकारी पैसा सरकारी दवाखान्यातच सर्वांत जास्त काम करतो, हे दाखवणारे अभ्यास आपल्याकडे फार नाहीत. हा एक आहे.

विश्राम संपला तेव्हा काय झालं, हे मात्र प्रत्येक पथदर्शी प्रकल्पासारखंच. देणगीदाराचा निधी मुदतीचा असतो. मुदत संपली की गावातल्या कार्यकर्त्याचा मोबदला थांबतो, आणि प्रकल्पाचा अहवाल सरकारच्या टेबलावर राहतो. प्रयोग सिद्ध झाला की तो नियमित लेखाशीर्षात घ्यायचा, ही सवय आपल्या प्रशासनाला लागलेली नाही.

जपानने ती लावून घेतली. तिथे १९९८ पासून सलग चौदा वर्षं दरवर्षी तीस हजारांहून अधिक लोक आत्महत्येने जात होते. २००६ साली त्यांनी स्वतंत्र कायदा केला. त्याच सुमारास सतरा रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत एक चाचणी सुरू झाली. प्रयत्नातून वाचलेल्या ९१४ लोकांपैकी निम्म्यांना एक ठरलेला माणूस दिला, जो महिनोन्‌महिने त्यांच्या संपर्कात राहील, त्यांना उपचारांवर टिकवील, कर्ज-घर-नोकरीच्या कचेऱ्यांशी गाठ घालून देईल. पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा प्रयत्न होण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. पुढे तो फरक विरत गेला. निकाल इतका मर्यादित असूनही जपान सरकारने २०१६ मध्ये या कामाला आपल्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या दरपत्रकात जागा दिली. रुग्णालय हे काम करील तर त्याला त्याचे पैसे मिळतील. झालं. भाषण नाही, सप्ताह नाही, दरपत्रकात एक ओळ. २०१९ पर्यंत त्या देशातला वार्षिक आकडा वीस हजारांच्या आसपास आला होता. सगळं श्रेय त्या ओळीचं नाही, तिथे अर्थव्यवस्थेपासून कर्जाच्या कायद्यापर्यंत बरंच बदललं. तरी ती ओळ शिकण्यासारखी आहे.

अमेरिकेतही सरकारी अनुदानं ‘शून्य आत्महत्या’ नावाच्या पद्धतीसाठी रुग्णालयांना मिळतात. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड आरोग्यसंस्थेने २००१ पासून केलेल्या कामातून ती पद्धत आली. ती उभी राहते संगणकीकृत नोंदींवर आणि विम्याच्या जाळ्यावर. आपल्या ग्रामीण रुग्णालयात वीज गेल्यावर ऑनलाइन केसपेपर निघत नाही. तिची नक्कल करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे दरपत्रक आहेच. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हजारावर उपचारांची पॅकेजं आहेत. आयुष्मान भारतमध्ये रुग्णालयातून सुटल्यानंतरचा पंधरा दिवसांचा खर्चही धरलेला असतो. चेन्नईच्या प्रयोगातल्या नऊ भेटींपैकी पहिल्या दोनच त्या पंधरवड्यात बसतात, उरलेल्या सात बाहेर पडतात. त्या सात फोनांचं पॅकेज करायला कुठली नवी यंत्रणा लागत नाही.

एका गोष्टीवर जरा थांबतो, कारण ती निधीच्या चर्चेत कुणी आणत नाही: रजिस्टर. गुन्हे नोंद विभाग मृत्यू मोजतो, तेही पोलिसांच्या कागदांवरून. प्रयत्न कुणीच नीट मोजत नाही. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हताच. रुग्णालयाच्या रजिस्टरची ताकद काय असते ते श्रीलंकेने दाखवलं. तिथल्या वॉर्डांतल्या नोंदींवरून कुठली कीटकनाशकं सर्वाधिक बळी घेताहेत ते कळत गेलं आणि कृषी खात्याने एकेक करून ती बाजारातून काढली. १९९५ ते २०१५ या काळात त्यामुळे ९३ हजार जीव वाचले असा संशोधकांचा अंदाज आहे. पिकाचं उत्पादन घटलं नाही. आपल्या यवतमाळात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हा पुढच्या वर्षी काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. केंद्राने २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. २०२० मध्ये आणखी सत्तावीसांचा मसुदा आला आणि कंपन्यांच्या हरकतींत अडकला. हरकती घेणाऱ्यांकडे विक्रीचे तपशीलवार आकडे होते. सिव्हिलच्या वॉर्डाकडे असलेले आकडे केसपेपरच्या गठ्ठ्यांत बांधून रेकॉर्ड रूममध्ये पडलेले असतात. ते काढून संगणकात भरायला एका डेटा एंट्री ऑपरेटरचा पगार लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याच्या मागणीत एक वेगळं लेखाशीर्ष असावं, त्यात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात दोन नियमित पदं, एक खोली, एक रजिस्टर आणि अठरा महिन्यांचा पाठपुरावा असावा. शेतकरी, गृहिणी, विद्यार्थी, गवंडी असा भेद नको. कॅज्युअल्टीत जो आला तो पात्र. जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात एक प्रश्न वाढवावा: गेल्या महिन्यात वाचलेल्या किती जणांना पहिल्या आठवड्यात फोन गेला? राज्याला वेळ लागत असेल तर जिल्हा नियोजन समित्यांकडे जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा असतोच. पालकमंत्री त्या समितीचे अध्यक्ष असतात, तुमचे आमदार त्या बैठकीला जातात. या वर्षीच्या आराखड्यात हे काम आहे का, एवढं त्यांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा.

आणि हे वाचताना स्वतःच्या घरातलं कुणी डोळ्यांसमोर आलं असेल, किंवा स्वतःचीच रात्र जड जात असेल, तर निधीची वाट पाहू नका. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जवळच्या सरकारी रुग्णालयात उपचार मागणं हा कायद्याने तुमचा हक्क आहे.